उशी परत आणण्याबाबत

३ नोव्हेंबर, रविवार
ही जाऊन महिना झाला. आजपासून घर आवरायचं. शांत डोक्याने. सुरुवात फ्रिजवर हिने चिकटवलेल्या बायबलच्या वचनापासून: टवाळी करणाऱ्यांनो, डोळ्यांदेखत घडेल, तरी तुमचा विश्वास बसणार नाही. रोख माझ्यावर. मी रोज दूध काढताना मोठ्याने वाचून हसायचो. ती म्हणायची, हसा.
संध्याकाळी: चिकटपट्टी निघत नाही. फ्रिजचा रंग जाईल. राहू दे.

६ नोव्हेंबर
मेव्हणी आली. म्हणाली, भाऊजी, ताईची बसायची उशी अजून चर्चमध्ये बाकावर आहे. शेजारी तुमची जागा. ही म्हणे दर रविवारी तिथे पर्स ठेवायची आणि कुणी विचारलं की सांगायची, येताहेत ते. लग्नापासून! म्हणजे मंडळींच्या हिशेबी मी कायम दारात चप्पल काढतोय. रविवारी जाऊन पाळकांना, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंना, स्पष्ट सांगणार, मी त्यातला नाही. उशी घेणार, निघणार.

१० नोव्हेंबर
गेलो. प्रवचन सुरू होतं, मधेच उठणं बरं दिसेना. विषय नेमका फ्रिजवरचा. मेव्हणीने चुगली केली असणार. मनात सडेतोड उत्तर तयार केलं. दारात पाळकांनी हात धरला. म्हणाले, तुमच्या विनोदांवर त्या इथे येऊन फार हसायच्या. उत्तर राहिलं. उशीही राहिली.

१७ नोव्हेंबर
पुन्हा गेलो, उशीसाठीच. गाणं म्हणायचं नाही हे पक्कं होतं. म्हटलं नाही. नुसते ओठ हलवले. शेजारच्या बाईंना वाईट वाटायला नको.

२० नोव्हेंबर, सकाळी
उशी आणली. रविवार टाळून गेलो, म्हणून जमलं. विषय संपला.

२४ नोव्हेंबर
उशी परत नेली. बाक फार टणक आहेत. माझी कंबर जुनी. श्रद्धेचा संबंध नाही.

१ डिसेंबर
आज गर्दी. मी हिच्या उशीवर. शेजारी माझी छत्री. पावसाचं चिन्ह नव्हतं, छत्री का नेली होती कुणास ठाऊक. एक धिप्पाड गृहस्थ वाकून म्हणाले, काका, इथे कुणी आहे का?
छत्री उचलायला हात पुढे केला.
म्हणालो, येतेय ती.
ते बरं म्हणाले आणि मागे भिंतीशी जाऊन उभे राहिले.
कुणी हसलं नाही.