अकरा खिळ्यांचा शिक्का

अल्लाच्या नावाने आरंभ करून मी, नोरकुल वल्द तुर्सुनबाय, वय वर्षे बासष्ट, धंदा नानवाई, राहणार आकबुलाक, छावणीच्या वेशीजवळ, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी ठिकाणावर आहे, माझ्यावर कोणाचे दडपण नाही, आणि गुडघे सोडले तर बाकीचे अवयव अजून माझे ऐकतात. हे मृत्युपत्र मी सांगतो आहे व इमामसाहेब लिहीत आहेत. ते मधूनमधून "हे लिहायलाच हवं का?" असे विचारतात. हवे.

पहिले. राहते घर, अंगणातले जर्दाळूचे झाड व दोन्ही तंदूर माझी पत्नी सालोमत हिच्या ताब्यात राहतील. कायद्याने ज्याचा जो हिस्सा आहे तो त्याला मिळेलच, पण तिच्या हयातीत तिला कोणी "जरा सरक" म्हणू नये.

दुसरे. रस्त्याकडेची ओसरी मुलगा सोबिर याने घ्यावी व तिथे त्याचा तो चहाखाना काढावा. मी सात वर्षे नाही म्हणालो, ते निव्वळ हट्टाने.

तिसरे. नानवर नक्षी उठवायचा माझा जुना लाकडी शिक्का लेक अनोरखान हिला द्यावा. हात तिचा माझ्याहून चांगला आहे. नानला भोके पाडायला शिक्क्याला बाराऐवजी अकराच खिळे आहेत. बारावा बसवू नये. का, ते लिहितो, कारण लोक ऐकून कंटाळले तरी मी सांगून कंटाळलेलो नाही.

पंचवीस वर्षांपूर्वी उन्हाळ्यात झारच्या छावणीतल्या शस्त्रकोठाराचा म्हातारा पहारेकरी प्रोखोर याचा खून झाला आणि दहा बंदुका नाहीशा झाल्या. प्रेताजवळ एक घास तोडलेली नान सापडली. ती सार्जंट झुबारेवने उचलून मोहोरबंद केली. चावल्याच्या खुणेत एका दाताची फट होती, आणि छावणीचे घोडे सांभाळणारा माझा मित्र एर्गाश याचा पुढचा दात घोड्याच्या लाथेने गेलेला होता. तो आठ महिने डोंगरातल्या ठाण्यावर राहून आदल्याच संध्याकाळी परतला होता. घोडी आजारी म्हणून तबेल्यातच थांबला, घरी गेलाच नव्हता. सकाळी बेड्या पडल्या. तीन आठवड्यांनी लष्करी न्यायालय बसले. गुन्हा शाबीत झाला तर फाशी होती.

छावणीला नान मी पुरवत असे, आणि त्याचा मला माज होता. दुभाषी मिर्झा वालीजानने दुरूनच नान दाखवली.

"तुझीच ना रे?"

"माझी नाही तर कुणाची! असं फूल या गावात दुसरं कोण उठवतं?"

"खुनाच्या आठवड्यातली?"

"छावणीत माझी शिळी नान जातच नाही!"

मी शपथेवर तसे सांगितले व न्याय करायला बसलेल्या कर्नलने ते लिहून घेतले. एर्गाशने माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्याची मला अजून लाज वाटते.

दुपारी त्याची आई ओयिमखान दुकानावर आली. "नोरकुल, खिळ्यावरची नान गेली रे," म्हणाली. आमच्यात लांब निघालेला माणूस नानचा एक घास तोडून जातो. उरलेली आई भिंतीला टांगते, आणि परतल्यावर ती त्यानेच संपवायची असते. तोवर तिला घरात कोणी हात लावत नाही.

"घरात कोण शिरलं होतं, अम्मा?"

"तो झुबारेव. खोगीर चोरीला गेलंय म्हणत सगळं घर उपसून गेला. खुनाच्या आदल्या दिवशी."

आमचा कोणीही चोर ती नान उचलता ना. झुबारेवला मात्र ती नुसती नान दिसली, आणि दाताची फट आयतीच मिळाली. माझ्या हातात तेव्हा शिक्का होता. वसंतात, नवरोजच्या दिवशी तो तंदुराच्या काठावर आपटून त्याचा एक खिळा गेला होता, आणि "तुझ्या नानचा दात पडला" म्हणून सारा मोहल्ला मला चिडवत होता. एर्गाश गेला होता त्याआधीच्या शरदात, खिळे पुरे बारा असताना.

दुसऱ्या दिवशी मी न्यायालयात उभा राहिलो. "हुजूर, काल मी न बघता शपथ घेतली. ती खोटी होती."

"गाढवा, गप्प बस! आत जाशील," मिर्झा दात खाऊन म्हणाला.

"जातो. आधी त्या नानची भोकं मोजा."

कर्नलने स्वतः मोजली. बारा भरली. छावणीच्या भटारखान्यातून नान मागवली, ती अकरा. दुसरी मागवली, तीही अकरा. मग ओयिमखानची साक्ष झाली, आणि झुबारेवच्या खोलीमागच्या गवतात बंदुका सापडल्या. एर्गाश सुटला. मला खोट्या शपथेबद्दल तीन महिने झाले आणि छावणीचे काम गेले.

फाटकापाशी एर्गाशने ती नान मागितली.

"तो पुरावा आहे," कर्नल म्हणाला.

"माझी नान आहे, साहेब. मी परत आलोय."

कर्नलने दिली. एर्गाशने अर्धी चहात बुडवून खाल्ली आणि उरलेली माझ्या तोंडासमोर धरली. "चाव, मूर्खा. आता तू निघालास."

तीन महिने ती त्याच्या आईच्या खिळ्यावर होती. मी सुटून आलो तेव्हा ती काढून माझ्या हातात देणारी एर्गाशची बहीण होती. तीच सालोमत. या सौद्यात मी काही गमावले असे मला कधी वाटले नाही.

चौथे. मिर्झा वालीजानने मला भर न्यायालयात गाढव म्हटले, सबब माझे गाढव त्याला द्यावे. जनावर गुणी आहे, जपावे.

पाचवे. माझा रुईभरला चोगा एर्गाशला द्यावा. दर थंडीत तो नेतोच, आता परत आणायची कटकट नको.

सहावे व शेवटचे. हकीम हल्ली माझ्याशी फार गोड बोलतो, म्हणजे दिवस थोडे आहेत. मला तक्रार नाही, पोट भरून जगलो. त्या दिवशी अनोरने जुन्या शिक्क्याची एक नान भाजावी. जमले तर मी घास तोडेन. पण ती टांगू नये. सालोमत, तू खिळ्याकडे बघत बसशील हे मला माहीत आहे, आणि या खेपेला मी येणार नाही. उरलेली तू आणि एर्गाशने गरम असतानाच खाऊन टाकावी.

साक्षीदार:
१. हमराकुल वल्द निजामबाय, कुंभार. सही.
२. एर्गाश वल्द होलमत. अंगठा. अंगठा देताना म्हणाला, "बाकी सगळं कबूल. नान मी टांगणार." हे लिहू का, असे इमामसाहेबांनी विचारले. लिहा.

लिहून देणार: नोरकुल नानवाई. सहीच्या जागी शिक्का, भोके अकरा.
मुक्काम आकबुलाक, फरगाणा. शव्वाल, हिजरी १३२९.