वाकडी लेन्स

केज
शनिवार, दुपार

प्रिय उत्तरेश्वर,

तुझी ती वाकडी लेन्स अखेर माझ्या हाताला बसली. पुण्याच्या नोकरीवर जाताना तू ती स्टुडिओच्या कपाटात ठेवून गेलास, तेव्हा मी मनात म्हटलं होतं, लग्नाचे फोटो काढणाऱ्या बाईला ही काय कामाची? इथल्या गिऱ्हाइकाला नवऱ्यामुलापासून मंडपाच्या खांबापर्यंत सगळं लख्ख दिसायला हवं. आणि ही लेन्स मान वळवावी तशी हातानं वळवली, की फोटोतला एवढासा तुकडा धारदार येतो, बाकी सगळं ओल्या रंगासारखं पसरतं. फोकस आपोआप होत नाही. डोळा लावायचा आणि बोटांनी शोधत बसायचं. सुरुवातीला एस.टी. स्टँडवरची बाकडी आणि गच्चीवरच्या मिरच्या यांचेच फोटो काढले, निम्मे फुकट गेले. पण एक जमला की बाकीच्यांचा राग जायचा.

मग दीपमालाचं काम आलं. तुझ्या धाकट्या बहिणीचे लग्नाआधीचे फोटो मी नाही काढणार तर कोण? ती, मी आणि तुमचे होणारे जावई अभिमन्यू, असे जीप करून कपिलधारला गेलो. धबधब्याला पाणी भरपूर होतं, दर्शनाला आलेल्यांची गर्दीही होती. दीपमाला तुझ्या आईच्या मोरपंखी साडीत फार गोड दिसत होती. अभिमन्यूबद्दल तू फोनवर सांगितलं होतंस तसाच वाटला. हसतमुख, माझी बॅग उचलणारा, न सांगता चहा आणणारा. फक्त त्याला थांबायला आवडत नव्हतं. "ताई, एका फोटोला एवढा टाइम कावून लागतो?" असं त्यानं दोनतीनदा विचारलं. मी म्हटलं, हातानं जुळवावं लागतं, जरा दम धरा.

तो दम धरण्याचाच सगळा घोळ झाला बघ. माणूस फोटोपुरतं हसतो, पण मी फोकस शोधेपर्यंत ते हसू टिकत नाही. गळून पडतं, आणि खालचा चेहरा वर येतो. दीपमालाचा वर आलेला चेहरा मला ओळखू येईना. आधी वाटलं ती लाजतेय, मग वाटलं थकली असेल. तिची नजर त्याच्या तोंडाकडे जातच नव्हती, सारखी त्याच्या छातीकडे होती. प्रत्येक फोटो झाला की तो कॅमेऱ्यात डोकावायचा. "हिच्यात मी पुसलो गेलो की! काढून टाका हा," असं हसत हसत म्हणायचा, पण काढून टाकेपर्यंत हलायचा नाही. ती धारदार आणि तो धूसर, असे बरेच फोटो गेले. निऱ्या नीट करायला मी तिला बाजूला नेलं, तर तो मागोमाग आलाच. "काय गुपित चाललंय? आमाला बी कळू द्या."

घरी येऊन कॉम्प्युटरवर बघताना एक बिघडलेला फोटो लागला. मला तिचे डोळे हवे होते, पण लेन्स जरा जास्त वळली आणि सगळी धार त्याच्या शर्टाच्या खिशावर गेली. तो फोटो त्यानं पुसायला लावला नव्हता, कारण त्यात दोघांचेही चेहरे धूसर होते. खिशात दोन मोबाईल होते, एक काळा आणि एक पोपटी कव्हरचा. ते कव्हर तू दीपमालाला राखीला पाठवलेलं. मग मी बाकीचे फोटो पुन्हा लावले. ती त्याच्या छातीकडे बघत नव्हती रे, त्या खिशाकडे बघत होती.

तरी मी स्वतःला रागावले. सांभाळायला दिला असेल, साडीला कुठं खिसा असतो? ही लेन्सच अशी की एका तुकड्यावर डोळा खिळवते आणि बाकी दिसू देत नाही, तसंच माझं झालं असेल. खात्री करायला दीपमालाला मेसेज टाकला, फोटो निवडायला ये. लगेच उत्तर आलं, "तुम्हीच निवडा ताई." तुम्ही! शाळेत असल्यापासून ती मला अगं-तुगं करते.

दुसऱ्या दिवशी फोटो दाखवायच्या निमित्तानं तुमच्या घरी गेले. मनकर्णाकाकू खुशीत होत्या. मोबाईलचं विचारलं तर म्हणाल्या, "साखरपुड्यातच बिघडला बाई. जावयानं गेवराईला दुरुस्तीला दिलाय. लई जीव लावतो पोरीला." दीपमाला गच्चीवर कपडे काढत होती. मी तिच्यासमोर तो बिघडलेला फोटो धरला. तिनं हातातला कपडा पुन्हा दोरीवर टाकला. मग म्हणाली, "फोन बिघडलेला न्हाई गं. मेडिकलमधल्या पोरांशी का बोलतीस म्हणून काढून घेतला. कामावर जाणं बी बंद केलं. आईला सांगितलं तर आई म्हणते, लग्न झाल्यावर निवळतो माणूस." मी विचारलं, दादाला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "आईच्या फोनवरून बोलते तवा आई शेजारीच असती. अन् दादा मला जे इचारतो ते माझ्या नंबरवर इचारतो."

म्हणून हे पत्र, उत्तरेश्वर. साखरपुड्यापासून तू तिला विचारतोस, खूश आहेस ना, आणि तुला उत्तर येतं, "हो दादा, लई खूश." ते ती लिहीत नाही. तो लिहितो. तुला फोन करणार होते, पण तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. माझा फोन ठेवायच्या आत तू त्याला लावशील, आणि तुझ्या ओरडण्याचा राग तो तिच्यावर काढेल. शिवाय तू तोंडी ऐकलेल्यावर विश्वास ठेवत नाहीस, म्हणून सोबत फोटो छापून पाठवले आहेत. नीट बघ. तिला मेसेज करू नकोस, काकूंना कळवू नकोस. मिळेल त्या गाडीनं ये, तिला घेऊन सरळ गच्चीवर जा आणि "खूश आहेस ना" हाच प्रश्न समोरासमोर विचार. ती म्हणाली आहे, दादा समोर आला तर सगळं सांगेन, लग्न मोडायचंय हेही सांगेन.

तिच्यासोबत वाट बघणारी,
तुझीच
योगिता