दुसरं पान आईले वाचू नको

मिरकरवाडा बंदर, रत्नागिरी
१९ एप्रिल २००९

शालूताईले देवानंदचा नमस्कार, आईच्या पायावर डोकं. मी इकडे बरा आहे, तुमी दोघी बऱ्या असान, असं पत्रात लिहा लागते म्हणून लिहिलं.

कागद पाहून आई घाबरीन. तिले आधी सांग, देवाले काई झालं नाई, त्याले फोनवर नीट बोलता येत नाई म्हणून लिहिलं. फोनवर ती तुह्या गालाले गाल लावून ऐकते अन मधातच इचारते, 'जेवला का?' मंग माहं बोलणं जेवणावरच सरते.

तर जेवलो. भात अन मासोळी. इथं डाळ एका उकळीत शिजते, ताई. आपल्या बोअरच्या पाण्यात सोडा टाकला तरी दाणा न दाणा वेगळा राहे, अन बाबा म्हणे, 'वरण आहे का बंदुकीच्या गोळ्या?' इथलं पाणी इतकं गोड आहे की मले पह्यले पह्यले ते पाणीच वाटे ना. हंडाभर पेलो तरी तहान जाये ना. म्हणून मी गिलासात चिमूटभर मीठ टाकून पेत होतो. रऊफभाईनं पाहलं. रऊफभाई म्हणजे माह्या खोलीतले, अचलपूरचे, फोनवर तुले सलाम सांगतात ते. म्हणे, 'अबे, लोक समुद्रातून मीठ काढून राहिले, अन तू पाण्यात परत टाकून राहिला.'

कारखान्याचं काम आता हातात बसलं. सुरत सोडलं, पुणं सोडलं, आई म्हणे तुह्या पायाले भिंगरी आहे. पण बर्फापाशी टिकलो. एक मोठी टाकी असते, तिच्यात मिठाचं पाणी. त्याच्यात गोड्या पाण्याचे पत्र्याचे डबे सोडायचे. खारं पाणी सोतः गोठत नाई, पण डब्यातल्याचा दगड करते. मंग लाद्या काढायच्या, फोडायच्या, होड्यांत भरायच्या. इथले पोट्टे माह्या बोलण्याले हसतात. 'काढून राहिलो, फोडून राहिलो. तुम्ही नुसते राहताच काय रे?' मी म्हणतो, एक उन्हाळा आमच्या बाळापूरकडे राहून तर दाखवा.

परवा एक लादी गाड्यावरून धक्क्यावर पडली. कोनी उचलली नाई. दुपारपर्यंत तिचं पाणी झालं अन समुद्रात गेलं. मी पाहतच राहिलो. मले तुहा तुकडा आठवला.

तुमची शर्यत काय म्हणते? पाणी मोजून मिळते म्हणून बर्फ बरा, जास्त वेळ पुरते, असं तूच सांगतलं होतं. डायलिसिस चालू असलं की तू अन बाजूच्या खाटेवरची मनकर्णाबाई, दोघींनी सारखाच तुकडा तोंडात धरायचा, जिचा आधी सरला ती हारली. मनकर्णाबाई जिभेखाली लपवते अन वरून तुले हसवते, म्हणजे तुहा लवकर सरावा. ते ऐकून मी इतका हसलो होतो की मुकादम पाहाले आला. हल्ली तू तिचं नाव काढत नाई.

आता आखाजीचं. मले सुट्टी नाई. पावसाआधीचे होड्यांचे दिवस आहेत, मालक कोनाले सोडत नाई. म्हणून तुले किडनी द्यायच्या तपासणीले अकोल्याले याचं होतं, ते पुढं गेलं. आईले म्हण, किडनी काई कुठं पळून नाई चालली, देवाच्या पोटातच आहे. बाबाच्या नावाची पितराची घागर या सालाले तू भर. पोरगी घागर भरते का, असं कोनी म्हटलं तर म्हण, पोरगा बर्फ भरून राहिला. घागरीवर खरबूज ठेवशीन ते गोड पाहून ठेव. बाबाले फिक्कं चालत नव्हतं.

आईनं उन्हात भाजीची टोपली घेऊन फिरू नाई. माही काळजी करू नाई.

*

ताई, हे दुसरं पान आईले वाचू नको. तिले म्हण, तिकडंच संपलं.

सुट्टी आहे. मालकानं सोतःहून दिली. म्हणे, 'जा, बहिणीचं काम करून ये, तुझी जागा कोणाला देत नाही.'

तू म्हटलं होतं, साधी तपासणी तिकडंच करून घे, म्हणजे अकोल्यात उगाच थांबणं नको. तशी केली. रऊफभाई संगं होते. मी खुशीत होतो, ताई. बाकावर बसल्या बसल्या ठरवून राहिलो होतो की तुले माही किडनी बसली की तू पह्यल्या दिवशी काय पेशीन. उसाचा रस नाई, सोडा नाई. साधं पाणी, माठातलं, मधात न थांबता. अन मी बाजूले उभा राहून पाहीन, बस.

डाक्टरनं पोटावर मशीन फिरवली. परत फिरवली. इचारलं, 'पाय सुजतात का?' म्हटलं, उभ्याचं काम आहे, साऱ्यांचेच सुजतात. 'घरी कोणाला आहे का हा त्रास?' म्हटलं, बहिणीले आहे, तिलेच तर द्याची आहे. त्यानं मशीन पुसून ठेवली. मंग म्हणे, 'तुम्हाला देता येणार नाही. तुमच्याच दोन्ही आकसल्यात.'

मी म्हटलं, एक तरी नीट पाहा ना. जसा काई तो आंब्याच्या ढिगातून बरा आंबा निवडून देणार होता.

त्यानं गाव इचारलं. सांगतलं. पाणी कसलं पेत होते, इचारलं. तेबी सांगतलं. ताई, बाबाचे पाय सुजले तवा आपण म्हटलं, उन्हाचं आहे. मंग म्हटलं, बाहेरचं आहे, अन कोंबडं ओवाळून सोडलं. आपण सारे एकाच बोअरचं पाणी पेलो. ते पाणी आईनं डोक्यावर वाहून आणलं. ज्याले ज्याले तहान लागली, त्याले त्याले तिनंच गिलास भरून देला. म्हणून हे पान तिले वाचू नको. रक्त जुळत नाई म्हण. पोट्टा भेला म्हण, मले चालते. हे तेवढं नको म्हणू.

मले अजून मशीन लागत नाई. गोळ्या आहेत. मीठ बंद आहे. रऊफभाईनं खोलीतली बरणीच बाहेर नेऊन ओतली, अन आता सोतः बी अळणी जेवतात. शिव्या देत जेवतात. 'तेरे चक्कर में गोश्त बी दवाखाने का लग रा.' पण जेवतात.

तुह्यासाठी काय आणू, ते समजत नाई. आजपर्यंत ते इचारा लागत नव्हतं, जे आणायचं ते पोटातच होतं. लादी भुशात गुंडाळून आणतो म्हटलं, तर रऊफभाई म्हणे, 'कल्याण येईपर्यंत हातात गोणपाट राहीन.'

एक गोष्ट मातर शिकलो. काम सुटलं की साफ पाण्याचा एक तुकडा घेतो अन धक्क्यावर जाऊन बसतो. होड्या येतात, पाखरं ओरडतात, वारा गार लागते. तेवढा वेळ बरं वाटते, खोटं नाई सांगत. गालात धरला तर लवकर जाते. जिभेखाली ठेवला तर टिकते, पण दात बधिर होतात. मनकर्णाबाई लबाडी नव्हती करत, ताई. तिले जमलं होतं.

आखाजी होऊ दे. आईसमोर बसून बाबाची घागर भरायले माहा हात उठणार नाई. मंग तुह्या डायलिसिसच्या एखाद्या दिवशी मी सरळ दवाखान्यातच येतो, आई खाली चहाले गेली की. मनकर्णाबाईची खाट मी मागत नाई. मले खुर्ची पुरे. सारखे दोन तुकडे मागून ठेव.

अन मले हसवू नको.

तुहाच, अन आता तुह्यासारखाच,
देवानंद