उरलेल्या नऊ बाटल्या

प्रिय दासोल,

यंदाही जवळा पाठवायला विसरलीस ना? चौतीस वर्षांची घोडी झालीस, इंचनला बंदराच्या उशाशी राहतेस, आणि आजीच्या किमचीसाठी एक बरणी खारवलेला जवळा तुझ्या ध्यानात राहत नाही. डोकं आहे की चाळणी? हे पत्र शेजारची ओकबुन लिहिते आहे. सत्तराव्या वर्षी गावच्या सभागृहात बसून अक्षरं शिकली, तेव्हापासून तिचा तोरा विचारू नकोस. मला तेव्हा म्हणाली होती, तूही चल. मी म्हटलं, मला कुणाला पत्रं लिहायची आहेत! आता तिच्यासमोर बसून एकेक वाक्य सांगावं लागतंय, आणि ती ‘सावकाश गं, घोड्यावर बसलीस का’ म्हणून डाफरते आहे. फोन केला असता, पण तू माझ्या आवाजावरूनच सगळं ओळखतेस. कागदाला आवाज नसतो.

किमची घालून झाली. चाळीस गड्डे कोबी. तुझा वाटा वेगळा काढलाय. पाठीचं काही विचारू नकोस.

आता तुझ्या भेटीचं. ऐंशीव्या वाढदिवसाची उशिरा आलेली भेट म्हणून तू सुन्छन शहरातल्या त्या दवाखान्यात माझ्या नावाने दहा बाटल्यांचे पैसे भरलेस. गावात कुणाला लेकाने थकव्याची सलाइन दिली, कुणाला सुनेने जिनसेंग पाठवलं, पण म्हातारपण थोपवणारी बाटली माझीच. बसमध्ये मागच्या बाकावरच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगत गेले. नर्स चांगली होती. म्हणाली, ‘आजी, हा को-एन्झाइम आहे, पेशींना ताकद देतो, वय वाढलं की आपोआप कमी होतो.’ त्याचं नाव म्हणे तीन इंग्रजी अक्षरांचं. मी म्हटलं, बाई, माझ्या स्वतःच्या नावाचीच तीन अक्षरं मला येत नाहीत. ती हसली, सुई टोचली आणि म्हणाली, ‘ही अगदी सावकाश जाणार, तीन तास. नळीवरच्या चाकाला हात लावायचा नाही हं.’

तीन तास! पडल्या पडल्या मला एकदम धस्स झालं. कोबी मिठात होते. ते काढले होते की नाही, आठवेचना. जास्त राहिले तर चाळीस गड्डे खारट, वर्ष वाया. तुला ठाऊक आहे, आपल्या गावच्या दवाखान्यात आम्ही म्हाताऱ्या काय करतो. नर्सची पाठ वळली की नळीवरचं चाक सरकवायचं, अर्ध्या तासात बाटली रिकामी, आणि दुपारची बस गाठायची. तेच केलं.

दासोल, किमचीच्या रांजणावर ठेवतो तो दगड कुणीतरी माझ्या छातीवर ठेवला. कानात उकळतं पाणी, हात उचलेना. शेजारी एक बाई मासिक चाळत होती. तिला हाक मारायला तोंड उघडलं तर आवाजच नाही. मनात आलं, झालं. वय कमी करायला आले आणि इथेच संपले, गावात किती हसतील! नर्स धावत आली, चाक बंद केलं. ‘आजी, हात लावलात ना?’ मी म्हटलं, ‘तुमचं चाकच सैल आहे.’ थोड्या वेळाने निवळलं. घरी आले तर कोबी धुऊन, टोपल्यांवर ओळीने निथळत ठेवलेले. ओकबुन म्हणाली, ‘सकाळी तूच तर धुतलेस, मी नळ धरला होता.’ दगड छातीवरून गेला होता, तो तेव्हा परत आला.

दुसऱ्या दिवशी आपल्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे गेले. उरलेल्या नऊ घेऊ का, विचारलं. ते म्हणाले, ‘वयाबरोबर तो कमी होतो हे खरं. पण शिरेतून भरला की म्हातारपण लांबतं, असं माणसांवर नीट पडताळून अजून कुणी दाखवलेलं नाही. तरतरी आली म्हणणारे भेटतात. साध्या सलाइननेही तसं म्हणणारे भेटतात. तुम्हाला नेमकं काय थांबवायचंय?’ मी म्हटलं, गुडघे. त्यांनी गुडघ्यांकडे बघितलंच नाही. विचारलं, ‘आज वार कोणता?’ मी म्हटलं, बाजाराचा. एरवी माझ्या प्रत्येक बोलण्यावर हसणारा माणूस, हसला नाही. एक चिठ्ठी दिली. ती मी जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि चार दिवस तिथे हात घातला नाही.

माझ्या सासूबाई तू पाहिल्या नाहीस. शेवटी भिंतीला भात भरवायच्या. मला म्हणायच्या, ‘कोण गं तू, माझ्या घरात कशी आलीस?’ सात वर्षं मी त्यांचं केलं. सात वर्षं मनातल्या मनात त्यांच्या मरणाची वाट पाहिली. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. ओकबुन लिहिता लिहिता थांबली आहे. लिही गं.

चिठ्ठी मिळाली त्याच संध्याकाळी मसाला कालवायला ओकबुनने किमचीचा फ्रीज उघडला. मागे जवळ्याच्या तीन बरण्या. तिन्हींवर तुझं नाव, तिनेच वाचलं. मी तुला तीनदा फोन करून झापलं आणि तू तीनदा, एक शब्द उलट न बोलता, बरणी पाठवलीस. पत्राची सुरुवात आज मी मुद्दामच तशी केली, जरा धीर यावा म्हणून. वाढदिवस तर उन्हाळ्यातच झाला होता. त्या बाटल्या वाढदिवसाच्या नव्हत्या. तुला माझ्याआधी कळलं, आणि तू एकटीच घाबरत बसलीस. नऊ बाटल्या परत कर. चिठ्ठी विसरण्याच्या तपासणीची आहे, येत्या मंगळवारची. तू ये. मला भीती वाटते, मी एकटी आत जाणार नाही. आणि निघालंच काही, तर नोकरी सोडून माझ्याजवळ बसायचं नाही. जिथे सांभाळतात तिथे ठेव. उद्या मी रडेन, शिव्या देईन, घरातच ठेव म्हणेन. तेव्हा हा कागद वाचून दाखव. म्हणून फोन केला नाही. फोनवरचं मी नाकबूल करीन, खालचा अंगठा मात्र माझाच आहे. जवळा आता पाठवू नकोस, मी कितीही ओरडले तरी. पाठवायचंच तर भाजलेलं समुद्री शेवाळ पाठव, आणि डब्यावर तारीख मोठ्या आकड्यांत लिही. अक्षरं येत नसली तरी आकडे मला येतात. अजून.

तुझीच,
आजी