आईला न दाखवलेलं लोणार

बाबा, काल आईला लोणार दाखवलं. ऐकून तुम्ही हसला असता, कारण साखरखेर्ड्याहून लग्न होऊन आली तेव्हापासून ती याच गावात आहे. पण गावात राहणं वेगळं आणि गाव बघणं वेगळं, हे तुमच्याइतकं कोणाला कळत होतं? शाळेला सुट्टी लागली की तुम्ही पाहुण्यांना घेऊन पायी निघायचात. पुण्याची कॉलेजची पोरं, दगड तपासायला आलेले संशोधक, एकदा एक परदेशी बाई, कधी नागपूरहून धम्माच्या कामातले तुमचे मित्र. गाडीतून गाव दिसत नाही, असं तुमचं म्हणणं. पुढे तुम्ही, खिशात शाळेच्या प्रयोगशाळेतलं होकायंत्र, मागे पाहुणे, आणि सगळ्यांच्या मागे फ्रॉक सावरत मी. आधी दैत्यसूदनाचं देऊळ, मग झोपलेला मारुती, मग धार, देवळाशेजारचा बारमाही झरा, आणि धारेजवळच्या पायऱ्यांनी खाली सरोवर. खरी मजा मारुतीपाशी. त्या आडव्या मूर्तीजवळ होकायंत्र नेलं की सुई भरकटते, पाहुणे तोंडात बोट घालतात, आणि तुम्ही हसून म्हणता, "चमत्कार नाही हो, दगडात लोखंड आहे." कितीदा ऐकलं तरी मला ते वाक्य आवडायचं.

आई तेव्हा स्टोव्हपुढे असायची. परत आल्यावर पाहुण्यांना गरम भाकरी, पिठलं आणि ठेचा मिळायचा. वहिनींच्या हाताला चव आहे म्हणत ते जेवायचे आणि जायचे. एका सकाळी नागपूरच्या तुमच्या मित्रानं चपला घालता घालता म्हटलं, "वहिनींनाही घ्या की बरोबर." आई स्वयंपाकघराच्या दारात उभी, हाताला पीठ. तिचा चेहरा असा खुलला की मला अजून दिसतो. "हाव, येतो ना मी. आल्यावर टाकतो भाकरी." आणि तुम्ही म्हणालात, "तिले कायले? दगड दिसला का हात जोडते ते." सगळे हसले. आई आत गेली आणि परातीत पुन्हा पीठ मळायला लागली, मळून झालेलंच.

काऊन बाबा? कशावरून? नवी नवरी असताना दारावरून पालखी गेली आणि तिचा हात सवयीनं कपाळाकडे गेला, ही गोष्ट तुम्हीच आम्हाला रंगवून सांगायचात. तेवढं एक पाहून तुम्ही तिचा जन्माचा निकाल लावलात. भिंतीवर बावीस प्रतिज्ञा तुम्ही लावल्या, पण सकाळी तुमच्याआधी उठून बुद्धवंदना म्हणणारी तीच होती. नवरात्रात गल्लीतल्या बाया कमळजादेवीच्या यात्रेला खाली सरोवराकाठी उतरायच्या, आईला आग्रह करायच्या. आपण देवीला जात नाही, असं सांगून ती दारातून परत फिरायची, तेही न कुरकुरता. बायांसोबत धर्मासाठी गेली नाही आणि तुमच्यासोबत तुम्ही नेलं नाही, म्हणून ती कधी खाली उतरलीच नाही. पिकतं तिथं विकत नाही, असं लोक सहज म्हणतात. इथं तसं नव्हतं. तिला बघायचं होतं. दगडाला दगड म्हणून बघण्याचा भरवसा तुम्हाला त्या परदेशी बाईचा होता, घरच्या बाईचा नव्हता. मला राग येतो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तो कमी होत नाही.

काल तिनं इस्त्रीची निळी साडी नेसली, त्याखाली मी आणलेले कॅनव्हासचे बूट. देवळाच्या भिंतींवरून नजर हलेना. "कोन्या मानसाईनं केलं असन बाई हे, किती दिस लागले असन!" मारुतीपाशी मी फोनमधलं होकायंत्र उघडलं. सुई फिरली. आजूबाजूला लोक नमस्कार करत होते आणि मी, तुमचीच लेक, चोरून तिच्या हातांकडे बघत होते. तिनं दोन्ही हात पाठीमागे धरले होते. सुईकडे बराच वेळ बघून ती म्हणाली, "लोखंडच हाय ना हे? मंग एवढ्यासाठी नेलं नव्हतं काय मले?" तुम्ही काय सांगितलं असतं तिला?

धारेपाशी मी पुरे म्हटलं. ती ऐकेना. "आता खालपोतच जातो." अर्ध्या पायऱ्या उतरलो आणि ती एकदम खाली बसली. चेहरा पांढरा, कपाळावर घाम, डोळे मिटलेले. मी हाका मारल्या, पाणी तोंडाला लावलं, ते हनुवटीवरून ओघळलं. वर-खाली माणूस नाही. त्या वेळी माझे हात जुळले. कोणापुढे ते ठाऊक नाही. खाली कमळजेचं देऊळ होतं, वर धारेचं, आणि मी नुसती वाचव, वाचव म्हणत होते. तुमच्या मागे मागे हिंडून लोखंड शिकलेली मी.

आईनं डोळे उघडले ते माझ्या हातांवरच. "खाली घे ते," ती म्हणाली. "चक्कर आलती नुसती." मग पाणी प्याली, आणि झाडांमधून दिसणाऱ्या सरोवराकडे बघत बसली. तिथून खाली आम्ही गेलो नाही. उठताना माझ्या खांद्यावर भार टाकून हळूच म्हणाली, "तुह्या बाबाले सांगू नको बाई."

मी हो म्हटलं. त्यामुळे हे पत्र तुमच्यापर्यंत यायचं नाही. पण खरं सांगू? हात जुळले तेव्हा तिथे तुम्ही नव्हता, याचं मला बरं वाटलं.