पूलची मालकीण हात उचलत नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून कोणावर हात उचलायचा नाही. ठरलं.

जागृतीने, म्हणजे माझ्या नातीने, फोनात काहीतरी घालून दिलंय. मी बोलते, तो लिहितो. मला अक्षर येत नाही, म्हणून मी काय बोलले ते मलाही वाचता यायचं नाही. हे एक बरं आहे.

शपथ घ्यायचं कारण काल घडलं. मीटर बघायला आलेला माणूस माझ्या केळीच्या कोंबांवरून चालत गेला. मी घड उतरवत होते, हातात दांडा होता. तो त्याच्या पाठीत बसला. मग तो पळाला, म्हणून मीही पळाले. पुढे विहीर होती. पाणी कमरेएवढंच होतं, पण बोंब मात्र समुद्रात पडल्यासारखी.

रमेश, माझा मुलगा, म्हणाला, आये, हे शेवटचं. यापुढे एका माणसावर जरी हात उचललास तर गाठोडं बांधून नायगावला सुनंदाकडे. चौदाव्या मजल्यावर. तिथं भिंतींना मार.

सुनंदा माझी मुलगी. गुणाची आहे. पण चौदाव्या मजल्यावर माणसाने करायचं काय? खाली बघितलं तर माणसं मुंग्यांएवढी, वर बघितलं तर पंखा. गिरीजची वाडी सोडून मी जाणार नाही. सासूने हाकललं तेव्हा गेले नाही, तर पोराच्या सांगण्यावरून जाईन?

म्हणून शपथ. कुत्रे, कावळे आणि कोंबड्या तिच्यात धरलेल्या नाहीत.

६ फेब्रुवारी, गुरुवार

प्रितेशचा पूल सुरू झाला. प्रितेश जागृतीचा मोठा भाऊ. अंधेरीची नोकरी सोडून आलाय. रमेश त्याच्याशी बोलत नाही. म्हणतो, सहा महिने देतो, मग गुमान नोकरी धर.

हा पूल खाडीवरचा नव्हे. कॉम्प्युटरमधलं नाणं असतं म्हणे, हाताला लागत नाही. ते मिळवायला लोक घरोघरी मशिनी लावून गणितं सोडवत बसतात. एकट्याच्या मशिनीला ते सापडता सापडत नाही. म्हणून सगळ्यांनी मिळून शोधायचं आणि ज्याने जेवढं काम केलं तेवढा त्याचा वाटा. कोणी किती काम केलं ते सर्व्हर बघतो. म्हणजे मुकादम. एवढंच ना? आम्ही अख्ख्या आळीची केळी एका ट्रकने दादरला पाठवायचो, ते काय वेगळं होतं?

विहिरीजवळची खोली माझी. केळी पिकवायची. तिथंच मुकादम बसवला, शेजारी लोखंडी टोपल्यांत आपल्या घरच्या मशिनी. म्हणजे पूलची मालकीण मी. प्रितेश म्हणाला, हो आजी, तू आमची सीईओ. हसत म्हणाला, पण म्हणाला.

भागीदार केविन, शेजारच्या क्लेमेंटीनचा नातू. पहिल्याच दिवशी चपला घालून आत शिरला. मी फक्त कान धरला. पोरगा उंच आहे, कान वर आहे, म्हणून माझा हात वर गेला. त्याला हात उचलणं म्हणत नाहीत. त्याची बाळी माझ्या बोटात आली. थोडं रक्त. हळद दाबली.

शपथ शाबूत.

११ फेब्रुवारी, दुपार

मला एक गोष्ट सुचली आहे. या मुलांना शिकून सुचली नाही.

मशिनी पुढून वारा ओढतात आणि मागून कढत करून सोडतात. खोलीची मागची बाजू म्हणजे वैशाखातलं अंगण. आणि बाहेर माझी राजेळी केळी सोलून बांबूच्या तट्ट्यावर वाळत पडलीत, आठ दिवस झाले तरी वाळून त्यांची सुकेळी होत नाहीत, कारण मधेच ढग येतात, आणि ढग नसले तर कावळे येतात.

आज सगळी केळी आत हलवली. सुतळ्या बांधून मशिनींच्या मागे, वर अंधारात टांगली, मुलांना दिसायची नाहीत. संध्याकाळपर्यंत मध सुटायला लागला. काय वास! प्रितेशने बजावून ठेवलंय की आजी, इथं काही ठेवायचं नाही. मी ठेवलेलं नाही. टांगलंय.

एका खोलीत दोन धंदे. रमेशने बघावं आईचं डोकं.

१६ फेब्रुवारी, रविवार

कावळ्यांना सुकेळीचा वास लागला. खिडकीत येऊन बसतात. गलोल काढली. कावळे शपथेत नाहीत. दगड क्लेमेंटीनच्या काचेतून गेला, आत तिची सून भाजी परतत होती, तिच्या कढईत पडला. तेल उडालं. फार नाही.

क्लेमेंटीन चर्चमधून, मिस्साहून आली ती तशीच कुंपणावर आली, हातात खराटा. म्हणाली, धोंडू, आधी तुझ्या मशिनी घूं घूं करतात, माझ्या कोंबड्या अंडी घालायच्या थांबल्या. आता दगड मारतेस? मी म्हणाले, तुझ्या कोंबड्या म्हाताऱ्या झाल्या, तुझ्यासारख्या. ती म्हणाली, तू काय काल न्हाती झालीस? आणि खराटा माझ्या डोक्यात घातला. अंबाडा सुटला. केस धरून तिने मला कुंपणापर्यंत ओढलं. वय झालं तरी मनगट काय आहे बाईचं.

मी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी होते. सगळ्यांनी पाहिलं. मी फक्त चावले. दंडाला.

रमेश ओरडत आला. मी विचारलं, हात उचलला का? सांग. क्लेमेंटीनला इंजेक्शन. माझा पुढचा दात हलायला लागलाय. तिचा दंड निबर आहे.

२० फेब्रुवारी

मुकादम दोनदा बंद पडला. नालासोपाऱ्याच्या जितेशचा फोन. तो पूलचा सभासद, त्याच्या फ्लॅटमध्ये बेडरूमभर मशिनी, बायको हॉलमध्ये झोपते. म्हणाला, आमच्या मशिनी तापून मरतात आणि तुमच्याकडे आमच्या कामाची नोंदच नाही. प्रितेश घाम पुसत राहिला. केविन म्हणाला, नेटवर्क असेल.

मला विचारा ना. मुकादम आळशी झाला की काय करतात ते मला ठाऊक आहे. दोघं जेवायला गेल्यावर आत गेले आणि सर्व्हरला दोन ठेवून दिल्या, एक वरून, एक कमरेत. लगेच हिरवा दिवा. सर्व्हर माणूस नाही, त्यामुळे शपथेला धक्का नाही.

आत लाल मुंग्या फार झाल्यात. क्लेमेंटीनच्या बाजूने येतात. मुद्दाम सोडत असणार.

सुकेळी मात्र सोन्यासारखी. अजून दोन माळा टांगल्या.

२५ फेब्रुवारी

दिवसातून चार थपडा लागतात आता. मुकादमाचं अंग निर्ढावलंय.

सभासद सोडून चाललेत. प्रितेश आणि केविन खोलीच्या दारात एकमेकांना भिडले. केविन म्हणाला, तुझी वायरिंग भिकार. प्रितेश म्हणाला, तुझं सॉफ्टवेअर चोरीचं. मग बुक्के. केविनचा ओठ फाटला, प्रितेशने आपलं नाक धरलं, दोघं लहानपणी एका ताटात जेवलेले. मला बघवेना. विहिरीची बादली भरली आणि दोघांच्या अंगावर ओतली. पाणी टाकणं म्हणजे हात उचलणं नव्हे. थोडं दारातून आत गेलं. खोलीत फट्ट असा आवाज आला आणि एकदम शांतता.

त्या शांततेत दोघंही भांडायचे थांबले. म्हणजे उपाय लागू पडला.

१ मार्च, शनिवार

नवीन वस्तू बसवून पूल परत चालू. मुलं बसवत होती तेवढे दिवस मी माळा उतरवल्या, मग परत टांगल्या. प्रितेशने त्याची मोटरसायकल विकली. मला म्हणाला, आजी, आता हा शेवटचा डाव, बाबांना तोंड दाखवायचंय. डोळे लाल झालेले. मी म्हणाले, मालकीण जिवंत आहे, काळजी करू नकोस.

दुपारी खोलीत उंदीर खुडबुडले. उंदरांमागे धामण आली. मशिनींच्या मागे काळं, लांब, वळवळतं दिसलं. मी कोयता घेतला. आत अंधार. पहिला घाव बसला, ठिणगी उडाली. म्हटलं, विषारी दिसतेय. मग थांबलेच नाही. उजवीकडे एक, डावीकडे एक, टोपल्यात एक, सपासप. खांदा भरून आला तरी तोडत होते.

धामण खिडकीतून गेली. क्लेमेंटीनच्या वाडीत. वायरी मात्र एक सुटली नाही.

प्रितेश दारात उभा राहून बघत होता. खाली बसला. मी म्हणाले, बाबा, साप होता. तो म्हणाला, हो आजी.

आजचा दिवस मी पराक्रमाचा धरते.

९ मार्च, रविवार

जितेश आला, सोबत दोन आडदांड. वाडीच्या फाटकाला लाथ मारून आत. म्हणाला, कुठंय तो पूलवाला? आठ दिवस आमच्या मशिनी कोणासाठी राबतायत? केविनने समजवायला खोली उघडली, मशिनीचं झाकण काढलं. आत मध. मधात मुंग्या. मुंग्यांत उंदराची लेंडी. वरून एक सुकेळं टपकन केविनच्या मानेवर पडलं.

सगळ्यांनी आधी सुकेळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

मी म्हणाले, वाळायला ऊन नको का?

जितेशने प्रितेशची कॉलर धरली आणि त्याला भिंतीवर आपटलं. डोकं वाजलं. केविनही मधे पडला, पण त्याला एकाने पोटात गुडघा घातला. प्रितेश मार खात होता आणि हात वर करत नव्हता. म्हणत होता, माझी चूक, मीच जागा निवडली. माझं नाव घेत नव्हता.

आता सांगा, मी काय करायचं होतं? समोर चौदावा मजला दिसत होता. मी हात पाठीमागे बांधले. खूप घट्ट बांधले. पुन्हा एकदा डोकं भिंतीवर वाजलं आणि हात सुटले. दांडा कोपऱ्यातच होता. एका आडदांडाच्या गुडघ्यावर, दुसऱ्याच्या कोपरावर. जितेशला दोन. पाचवा फिरवला तेव्हा तो खाली वाकला, आणि त्याच्या मागून सोडवायला रमेश येत होता.

नाक. माझ्याच पोटचं नाक. कडकन आवाज आला.

सगळी मारामारी थांबली. जितेशनेच रमेशला धरून बसवलं, पाणी दिलं. म्हणाला, काका, मान मागे करू नका. मग तिघं कण्हत निघून गेले. फाटक लावून गेले.

रमेश नाकाला फडकं धरून आत गेला आणि माझी जुनी साडी घेऊन आला. गाठोडं बांधायला.

३० मार्च, नायगाव

मी इथं स्वतःहून आले आहे. प्रितेश आणि जागृती हे सगळ्यांना सांगतात. हवा चांगली आहे. कावळे इतक्या वर येत नाहीत.

हात उचललेला नाही. वॉचमन मला आजीजी म्हणतो, लिफ्टचं बटण स्वतः दाबतो. अशा माणसाला कोणत्या निमित्ताने मारणार?

प्रितेश आज येऊन गेला. डोक्याची खूण बुजली. परवापासून नोकरी. मशिनी मोडीत गेल्या, पण खोलीतले पंखे त्याने आणि केविनने ठेवलेत आणि हीटर लावून गरम वारा सोडलाय. मशिनींच्या रिकाम्या टोपल्यांवर आता राजेळी केळी वाळतात. ढग नको, कावळे नको. कार्यालयांतून ऑर्डरी येतात म्हणे. केविन सांभाळतो. रमेशसुद्धा संध्याकाळी जाऊन केळी सोलतो. बाप-लेक एका ताटात जेवले. प्रितेश म्हणाला, आजी, आयडिया तुझीच.

मी विचारलं, किल्ली कोणाकडे?

तो खिडकीतून खाली बघायला लागला. मग म्हणाला, क्लेमेंटीन आजीकडे. ती कोणाला मारत नाही ना, म्हणून.

जाताना त्याने सुकेळ्यांची पुडी दिली. केळीच्या वाळक्या सोपटात गुंडाळलेली, वर केळीचा दोर, गाठ माझ्या पद्धतीची. बाईने कुंपणावरून बघून चोरली असणार. सोबत निरोप होता, क्लेमेंटीनने घोकून पाठवलेला. प्रितेशला सांगताना हसू आवरेना.

धोंडूला म्हणावं, आता हे चाव.

मघाशी चावले. चव माझ्याच हातची. दात त्यातच राहिला.