माझा हातगुण आणि एक नंबरची टाकी

३ मार्च, सकाळ
आजपासून रोजनिशी. पुढे कुणी माझं चरित्र लिहिलंच तर शोधाशोध नको.
माशांच्या अंगावरच्या उवा मारणारं इंजेक्शन तयार आहे. मासे टोचायचेत, एवढंच. मेव्हण्याने आपल्या तलावातले मासे दोन टाक्या भरून प्रयोगशाळेत आणून दिलेत. उवांनी त्याचा अर्धा तलाव खाल्लाय. बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालंय. त्याला म्हटलं, तुझा दाजी बसलाय ना.
प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, महिनाअखेर उवा दिसल्या तर तुमची बदली लेबल विभागात. हसू आलं. मी आणि लेबलं!
संकल्प: पहाटे उठणे. चहा बंद.

४ मार्च
नऊला उठलो. चहा तीन.
लेकीच्या शाळेत उवा झाल्यात म्हणे. बायको बारीक फणी घेऊन घरभर फिरतेय. माझंही डोकं खाजतंय, पण ते विचारांमुळे. फणीला साफ नकार दिला. उवांवर संशोधन करणाऱ्याला उवा? लोक काय म्हणतील?

६ मार्च
मॅडमची सूचना: मासा आधी भुलीच्या पाण्यात सोडा, निपचित पडला की टोचा, आणि तारेच्या जाळीचा हातमोजा घाला. मान डोलावली. भूल घाबरटांसाठी असते. माझ्या हाताला गुण आहे, असं आई नेहमी म्हणते. शिवाय सुरक्षित औषधात भुलीची भेसळ कशाला? मुद्दा शास्त्रीय आहे. मॅडमना सांगितला नाही.
एक नंबरच्या टाकीला टोचलं. दोन नंबर तशीच ठेवली, तुलनेसाठी. टोचायचं यंत्र झकास, पिस्तुलासारखं. घोडा दाबला की डोस बाहेर. मासा मात्र फार बुळबुळीत, आणि त्याला विज्ञानाची कदर नाही. एकाने शेपटीने थोबाडीत दिली. बोटांना किरकोळ ओरखडे.
बायकोने विचारलं, एवढ्या पट्ट्या कसल्या? म्हटलं, संशोधन.

७ मार्च
एकही मासा मेला नाही! साधा मरगळलासुद्धा नाही! औषध शंभर टक्के सुरक्षित! मॅडमना ताबडतोब कळवलं.
आनंदाने डोकं गरगरतंय. जिन्यात दोनदा बसावं लागलं.

१२ मार्च
उवा आहेत, पण खचलेल्या दिसतात.

१४ मार्च
दुसरा डोस, दुप्पट. बाटली रिकामी झाली, म्हणजे औषध कुठेतरी गेलंच ना! आता दहाही बोटांना पट्ट्या. शर्टाची बटणं लेकीने लावून दिली. पुन्हा गरगरलं. यश लोकांच्या डोक्यात जातं म्हणतात, ते हेच असावं.

१९ मार्च
मेव्हण्याचा फोन. सकाळी पुन्हा मेलेले मासे उपसले म्हणे. मग म्हणाला, "दाजी, खरं सांगा. आशा धरू का?"
"धर," म्हटलं.
फोन ठेवल्यावर उरलेली बशी तशीच सरकवली. भजी जास्त झाली असावीत.

२४ मार्च
डोक्याची खाज थांबली. विचार पूर्ण झाल्याचं लक्षण. सत्काराला कोणता कोट घालावा? निळा पोटावर बसत नाही. संकल्प: पोट कमी करणे.

३१ मार्च, संध्याकाळ
मॅडम आल्या, सोबत मेव्हणा. उवा दोन्ही टाक्यांत. एक नंबरमध्ये जरा जास्तच. मॅडमनी त्या टाकीतला मासा तपासला. अंगात औषधाचा थेंब नाही. मग त्यांनी माझे हात पुढे करायला सांगितले. एकेक पट्टी मोजली. भुलीचं पाणी कुठे आहे, असं विचारलं. डबा सीलबंद होता.
मेव्हणा टाकीवर वाकून उवा मोजत राहिला. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. लाज वाटली, अगदी खरी.
मॅडमनी मला डॉक्टरकडे धाडलं. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात, काही अपाय नाही. उद्यापासून मॅडम स्वतः भूल देऊन मासे टोचणार आहेत. मेव्हणा थांबणार आहे.
घरी गुपचूप बायकोपुढे बसलो. तिने फणी फिरवली. पुन्हा फिरवली. लेकीचं डोकं भरलेलं, माझ्या डोक्यात औषधालाही ऊ नाही. ती माझ्या पट्ट्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "औषध गुणाचं आहे हो. मासा तेवढा चुकला."

१ एप्रिल
लेबल विभाग. काम सोपं आहे, बाटल्या वळवळत नाहीत.
सकाळपासून चार लेबलं लावली. चारही माझ्या बाहीला.